लिलावात घेतलेलं घर आणि सतेलंभर दही

आधी माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच आदर वगैरे वाटून घेणार नाही तुम्ही.

बत्तीस वर्षं मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोकरी केली. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं... लोकांच्या आयुष्यभराच्या कमाईचे कागद रोज माझ्या डोळ्यांखालून जायचे. ‘बाई, एकदा नजर टाका’ म्हणत भले भले वकील माझ्या टेबलापाशी घुटमळायचे. आणि एवढं सगळं असून, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, स्वतःसाठी पहिल्यांदा घर घेताना, बँकेच्या लिलावाच्या नोटिशीतला एक शब्द मी वाचला नाही. म्हणजे दिसला होता. वाचला नाही. शब्द होता ‘सांकेतिक’. ताब्याचा प्रकार — सांकेतिक.

ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्ज थकलं की बँक घराच्या दारावर एक नोटीस चिकटवते आणि जाहीर करते की आम्ही ताबा घेतला. हा सांकेतिक ताबा. माणसं आत तशीच राहत असतात, कुकरच्या शिट्ट्या होत असतात, दोरीवर कपडे वाळत असतात. प्रत्यक्ष ताबा निराळा — त्याला जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो, पोलीस लागतात, पंच लागतात. म्हणजे मी माझी सगळी पुंजी भरली ती दारावर चिकटवलेल्या त्या कागदासाठी. आज मी सत्तरीची आहे. त्या त्रेसष्ट वर्षांच्या पोरीकडे वळून बघितलं की वाटतं, हिला बत्तीस वर्षं पगार कशाचा दिला सरकारने?

दुसरं एक आत्ताच सांगून टाकते. भूत, बाधा, करणी यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने सही करायला आलेले जिवंत लोक मी नोकरीत दोनदा पकडून दिलेत. मला जिवंतांचीच भीती जास्त. तेव्हा ‘आजी, तुमच्या मनाचे खेळ असतील’ असं खाली लिहिणार असाल तर खुशाल लिहा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. माझ्याकडे कागद आहे.

तर घर का हवं होतं... आमचे हे गेल्यावर मी मुलाकडे, निखिलकडे, हिंजवडीला राहायला गेले. चौदावा मजला. निखिल चांगला, सून गौरी त्याच्याहून चांगली, नात तर काय, दुधावरची सायच. कुणी मला कधी वाकडा शब्द बोललं नाही. पण दारावरची बेल वाजली की मी जागची उठत नसे. कारण ती माझ्यासाठी कधीच नसायची. एक दिवस हे लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी पेपरातल्या जागांच्या जाहिराती वाचायला लागले. मला माझं दार हवं होतं. लहान चालेल, जुनं चालेल. बेल वाजली की माझ्यासाठीच वाजली पाहिजे.

माझ्या ऐपतीत बसेल असं एकच मिळालं. विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, तीन मजली सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गॅलरी पूर्वेला. बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त. नोटिशीत लिहिलेलं — ‘जसे आहे जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री. हे वाक्य मी वाचलं होतं बरं का. वाचून हसलेसुद्धा होते, की हे काय, कांदे-बटाटे विकताहेत का.

पाहणीच्या दिवशी तीन जिने चढून गेले. बँकेचा माणूस येणार होता, तो आला नाही. मीच बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं आणि अर्धा चेहरा दिसला. पन्नाशीची बाई. मागून फोडणीचा वास.

“घर बघायला आलेय,” मी म्हणाले.

“बघा,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

एवढीच आमची पहिली भेट. आता कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं की आत माणसं राहताहेत आणि ती आनंदाने निघणार नाहीत. पण त्या त्रेसष्ट वर्षांच्या पोरीने, म्हणजे मी, काय अर्थ काढावा? भाडेकरू असतील, जातील. तशीच परत आली, गॅलरी पूर्वेला आहे म्हणून खूश.

लिलाव ऑनलाइन होता. निखिलला न सांगता मी नातीच्या कॉम्प्युटरवरून बोली लावली. माझ्याशिवाय एकानेही बोली लावली नाही. लिलावात आपण एकटेच असलो की आनंद मानायचा नसतो, बाकीच्यांनी काय वाचलंय ते शोधायचं असतं. मी मात्र पेढे आणले.

मग काय... पेढे संपले आणि पुढचे साडेतेरा महिने मी बँकेच्या बाकावर बसले. पैसे भरून झाले, विक्रीचा दाखला मिळाला, घर नाही. ताबा घ्यायचा हुकूम यायला चार-पाच महिने गेले. ठरलेल्या दिवशी पोलीस घेऊन बँकेची माणसं गेली तर घर रिकामं — ते कुटुंब दोन दिवस आधी, शेजाऱ्यांनाही न सांगता निघून गेलं होतं. बँकेने कुलूप घातलं, सील ठोकलं. मी म्हटलं, झालं आता. तर त्या कुटुंबाने न्यायाधिकरणात जाऊन स्थगिती आणली. आणखी आठ महिने. त्या आठ महिन्यांत सील तसंच, दार तसंच. विजेचं कनेक्शन थकबाकीपायी कापलेलं, पाण्याचा कॉक सोसायटीने बंद केलेला. सोसायटीचा मेंटेनन्सही थकलेला — तो माझ्या डोक्यावर, हेही नोटिशीत होतं, तेही मी वाचलं नव्हतं.

निखिल दर रविवारी विचारायचा, “काय म्हणतंय तुझं राजवाड्याचं बांधकाम?”

अखेर स्थगिती उठली. फेब्रुवारीतली सकाळ, अकराचा सुमार. दारापाशी आम्ही सहा जण. बँकेचे प्राधिकृत अधिकारी साळवी — घामेजलेले, तीन जिने चढून धाप लागलेले. एक महिला कॉन्स्टेबल, लोहगावकडची. सोसायटीचे सचिव लिमये आणि पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ, हे दोघे पंच. कुलूप तोडणारा. आणि मी, जरीकाठाची साडी नेसून. साळवींनी सील तपासलं, पंचांना दाखवलं, फोटो काढला. सील शाबूत. कुलूप तोडलं.

आठ महिने बंद असलेल्या घराचा जो वास यायला हवा तोच आला. धूळ, कोंदटपणा, पालीची लेंडकं. साळवींनी ताबा देतानाचा पंचनामा लिहायला घेतला. घरात जी वस्तू दिसेल ती लिहायची, अशी पद्धत असते. लोखंडी कॉट एक. प्लॅस्टिकची बादली एक, कडी तुटलेली. कॅलेंडर एक, मागल्या वर्षीचं. खिडकीचा पडदा एक.

स्वयंपाकघरात कॉन्स्टेबल आधी गेली होती. तिथून तिचा आवाज आला, “साहेब, हितं या जरा.”

ओट्यावर एक स्टीलचं सतेलं होतं. कडेला पोचा आलेलं, वर ताटली झाकलेली. ओट्यावर बोटभर धूळ. ताटलीवर धुळीचा कणसुद्धा नाही. ती तिने उचलली होती.

“दही हाय,” ती म्हणाली.

साळवी म्हणाले, “असेल हो. राहून गेलं असेल त्यांचं.”

“आठ महिन्यांपूर्वीचं?” लिमये म्हणाले. “साळवीसाहेब, आमच्याकडे दोन दिवसांचं दही सून टाकून देते.”

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. पांढरंशुभ्र, कवडीसारखं लागलेलं, वर सायीचा पिवळसर थर, कडेला पाणीसुद्धा सुटलेलं नाही. विरजण लावावं तर असं. कुलूप तोडणारा दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला की त्याची मजुरी आत्ताच द्या, त्याला दुसरीकडे जायचंय.

साळवींनी घाम पुसला आणि लिहिलं — ‘स्टीलचे सतेले एक.’

“आणि दही,” मी म्हणाले.

“मॅडम, दही कशाला?”

“पंचनाम्यात दिसतं ते लिहायचं असतं. अंदाजे अर्धा लिटर दही, ताजे. तुम्ही नाही लिहिलंत तर मी सही करत नाही.”

“ताजे कसं लिहू? सील आठ महिन्यांचं आहे. उद्या मला वर विचारतील.”

“मग शिळं लिहा. पण आधी चाखून बघा, आणि मग लिहा शिळं.”

ते काही चाखेनात. लिमये भिंतीकडे बघायला लागले. तेव्हा मीच तर्जनी बुडवली आणि चाटली. गोड होतं. आदल्या रात्री लावलेल्या दह्याला सकाळी असते तितकीच, जिभेच्या टोकाला कळेल न कळेल इतकीच आंबट चव.

साळवी हताशपणे म्हणाले, “मॅडम, प्रॉपर्टीचा ताबा अजून तुम्हाला दिलेला नाही. त्यातली वस्तू तुम्ही खाऊ शकत नाही.”

कॉन्स्टेबल तोंडाला पदर लावून... म्हणजे पदर कुठला, रुमाल लावून हसली. पण साळवींनी लिहिलं शेवटी. ‘अंदाजे अर्धा लिटर दही, ताजे दिसते.’ खाली दोन पंचांच्या सह्या, साळवींची सही, बँकेचा शिक्का, माझी सही. हाच तो कागद, माझ्या कपाटात आहे. कुणाला बघायचा असेल त्याने यावं, चहा देईन. मी ताबा घेतला, आणि दुपारी घरून आणलेल्या भातावर तेच दही घालून जेवले. गौरीने नंतर विचारलं, “आई, भीती नाही वाटली?” मी म्हटलं, साडेतेरा महिने बँकेत चकरा मारल्यावर माणसाला दह्याची भीती वाटत नाही गं.

रंगरंगोटी करून मार्चमध्ये राहायला गेले. पहिल्या रात्री दूध तापवून ओट्यावर झाकून ठेवलं, फ्रीज अजून यायचा होता. सकाळी चहाला बघते तर दही. म्हटलं उन्हाळा आहे, नासलं असेल. पण नासलेलं दूध आणि लागलेलं दही यातला फरक कळायला काय पंच बोलवावे लागतात? नासलेलं फाटतं, पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. हे सुरीने वडी पाडावी असं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. विरजण माझ्या घरात नव्हतंच — नवं घर म्हणून मी शेजारून मागायचं ठरवलं होतं, तर त्याची वेळच आली नाही.

मला आधी वाटलं माझंच डोकं चालेनासं झालं. विसरत असेन, लावत असेन आणि झोपत असेन. म्हणून ऑफिसात आम्ही करायचो तेच मी केलं. संध्याकाळी दूध झाकलं, झाकणावरून सतेल्यापर्यंत कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली आणि पट्टीवर तारीख घालून सही केली. सकाळी पट्टी जशीच्या तशी, सही जशीच्या तशी, आत दही. मग सतेलं बदललं, नवीन कोरं आणलं. दही. काचेच्या भांड्यात ठेवलं. दही. दूध फ्रीजमध्ये ठेवलं तर दूधच राहायचं, हे मात्र खरं. कपभर दूध बाहेर ठेवलं तर कपभर दही. गायीचं, म्हशीचं, पिशवीचं, सगळ्याचं. डिसेंबरात, पुण्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, लोक पातेल्याला शाल गुंडाळतात तरी लागत नाही — माझं उघड्या ओट्यावर लागायचं. गौरीने इंटरनेटवर वाचून सांगितलं की हवेत जंतू असतात, लाकडी वस्तूत राहतात, भिंतीत राहतात. मी म्हटलं असतील. पण मग सील केलेल्या घरात, जिथे आठ महिने थेंबभर दूध गेलं नाही, तिथे त्या जंतूंनी दूध कुठून आणलं? डेअरीत खातं होतं त्यांचं?



खरं सांगते, मला त्रास काहीच नव्हता. सावल्या दिसल्या नाहीत, पावलं वाजली नाहीत, कुणी केस ओढले नाहीत. घरात नुसतं दही लागायचं. कढी, मठ्ठा, श्रीखंड... तीन जिने चढून येणारा कुरियरवालासुद्धा ताक पिऊन जायचा. बेल वाजायची आणि ती माझ्यासाठीच असायची. मी मजेत होते.

मजेत नव्हता तो निखिल. त्याला लिमयांनी जिन्यात गाठून पंचनाम्याची गोष्ट सांगितली, तीही रंगवून. त्या शनिवारी तो छोटा कॅमेरा घेऊन आला. ओट्यावर रोखून लावला, मोबाइलला जोडला. मी नऊ वाजता झोपले, तोही झोपला. सकाळी सहाला आम्ही दोघांनी चहा पीत ते बघितलं. रात्रभर तेच सतेलं, तीच ताटली. एक झुरळ आलं आणि गेलं. बाकी काही नाही. मग त्याने उठून ताटली काढली, चमचा घातला, चमचा उभा राहिला.

त्याने ताटली पुन्हा झाकली. मग म्हणाला, “आई, हे घर आपण विकून टाकू.”

“आपण म्हणजे? सात-बारा तुझ्या नावावर आहे का?”

“फ्लॅटला सात-बारा नसतो.”

“मला शिकवू नकोस. का विकू?”

“कारण काहीतरी आहे इथे. मी एक्स्प्लेन नाही करू शकत. तू एकटी असतेस. उद्या काही झालं तर?”

“काय होईल? फार तर श्रीखंड होईल.”

“चेष्टा नको. माझ्या ओळखीचा एक ब्रोकर आहे, गिऱ्हाईक आहे त्याच्याकडे. महिन्याभरात व्यवहार होईल. तू परत आमच्याकडे ये. तुझी खोली तशीच ठेवलीय.”

मी त्याला नाही म्हणून सांगितलं, आणि तो चिडून गेला. पण त्याच्या बोलण्याने एक गोष्ट झाली. त्याला वाटलं मी भुताला घाबरत नाही म्हणजे कशालाच घाबरत नाही. तसं नव्हतं. मला भीती होती ती त्या साखळीमागच्या अर्ध्या चेहऱ्याची. रोज सकाळी ताटली उचलताना मला ती आठवायची. मनात यायचं, की हे तिचं आहे. ओटा तिचा, फोडणी तिची, दही तिचं. बँकेने मला दाखला दिला, शिक्का दिला, पंचनामा दिला, पण हे जे ओट्यावर रोज लागतंय ते कुणी माझ्या नावावर करून दिलेलं नाही. तिच्या जिवाचं काहीतरी इथे अडकलंय आणि मी ते भातावर घालून खातेय. असं वाटायला लागलं. दोन दिवस मी दही मोरीत ओतलं. आयुष्यात अन्न टाकलं नव्हतं कधी.

शेवटी ठरवलं, जाऊन तिलाच विचारायचं. ती म्हणाली ‘विका’ तर विकेन, चौदाव्या मजल्यावर जाऊन बसेन. पण ब्रोकरच्या किंवा निखिलच्या म्हणण्यावरून विकणार नाही.

लिमयांकडे पत्ता होता, त्या कुटुंबाची पत्रं पुढे पाठवायला म्हणून तिने नंतर फोन करून दिलेला. मांजरी. सकाळी ताटली काढली, छोट्या डब्यात दही भरलं, पिशवीत घातलं आणि दोन बस बदलून गेले. एका बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे, दुसऱ्या बाजूला ऊस, मधे भाड्याच्या चाळवजा खोल्या. दोन खोल्यांचं घर. दारात ती गहू निवडत बसली होती. मंगलताई नाव तिचं, हे मला लिमयांकडून कळलेलं.

“मी विश्रांतवाडीहून आले,” मी म्हणाले. “तुमच्या फ्लॅटमध्ये राहते.”

“तुमच्या,” ती म्हणाली. “आमच्या कसला. कागद तुमचे आहेत ना आता?” हात गव्हातच होता. मग म्हणाली, “बसा. उन्हातून आलात.”

आत तिचे यजमान पलंगावर होते. त्यांनी भावाच्या धंद्याला घर तारण ठेवलं होतं, धंदा बुडाला, भाऊ गेला निघून, आणि यांना अर्धांगाचा झटका आला. हे तिने तीन वाक्यांत सांगितलं, गहू निवडता निवडता. मला कुठे बघावं कळेना. मी डबा काढून तिच्यापुढे ठेवला, झाकण उघडलं. तिने बघितलं आणि तिचा हात थांबला.

“किती दिवस लागले तुम्हाला इथे यायला?” तिने विचारलं.

“दिवस कसले, दोन बस...”

“तसं नाही. राहायला येऊन किती झालं?”

“दहा महिने.”

“मला वाटलं होतं महिन्याभरात धावत याल.”

मी तिला सगळं सांगितलं. सील, पंचनामा, पोचा आलेलं सतेलं. सतेल्याचं ऐकून ती म्हणाली, “ते मी घासून, पालथं घालून आले होते. जुनं झालं म्हणून आणलं नाही.” आतून यजमानांनी काहीतरी विचारलं, तोंड वाकडं झाल्यामुळे मला कळलं नाही. तिने बोटाने दही उचललं, आत जाऊन त्यांच्या जिभेवर ठेवलं. ते डोळे मिटून पडून राहिले. मग एका बाजूने हसले.

मी म्हणाले, “मंगलताई, मला एवढंच विचारायचंय. हे तुमचं असेल, आणि मी तिथे राहिलेलं तुम्हाला बोचत असेल, तर सरळ सांगा. मी घर विकते. माझा मुलगा गिऱ्हाईक घेऊनच बसलाय.”

तिने काय उत्तर दिलं ते मी निखिलला सांगितलं, तेव्हापासून तो विकायचा विषय काढत नाही. मी आजही तिथेच राहते. आज सकाळीही लागलं होतं. यामागे काय आहे हे मला कळलेलं नाही. इतक्या वर्षांत कुणीही मला पटेल असं कारण दिलेलं नाही, आणि मला पटवणं सोपं नाही हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तिचं उत्तर मात्र शब्दाला शब्द लिहून ठेवते. पंचनाम्यात ऐकलेलं लिहीत नाहीत, म्हणून इथे.

ती म्हणाली, “ते मी कधीच लावलं नाही हो. आम्ही राहायला गेलो त्या दिवसापासून ते असंच लागायचं, एकवीस वर्षं खाल्लं आणि बाहेर कुणाला बोललो नाही. इथे आल्यापासून मी रोज दूध झाकून ठेवते, सकाळी दूधच असतं. तुमच्याकडे लागतंय ना? मग विकू नका, राहा. आणि पुढच्या वेळी डबा जरा मोठा आणा, हा आम्हा दोघांना पुरायचा नाही.”